शेषरावकाकांचा आवाज बसला तो हिवाळा

यंदाचं पहिलं धुकं पडलं त्या सकाळी मी परतूरला शाळेत निघाले होते. जीपमध्ये मागच्या सीटवर बसले होते. पुढचा रस्ता एकाएकी दिसेनासा झाला आणि माझा उजवा पाय आपोआप खाली दाबला गेला. शेजारच्या बाईंनी विचारलं, "मॅडम, काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, पायाला रग लागली." मला गाडी चालवता येत नाही. कधी शिकलेही नाही. पण धुक्यात गाडी शिरली की माझा पाय ब्रेक शोधतो.

बाकीच्यांचे हिवाळे हुरड्याचे असतात, तिळाचे असतात. माझा एक हिवाळा डिझेलच्या वासाचा आहे. नव्वदनंतरचे दिवस. माझं बी.ए. झालं होतं, नोकरी नव्हती, आणि टेंभुर्णी ते जालना धावणाऱ्या आमच्या मिनीबसवरचा कंडक्टर अचानक जालन्याच्या एका कारखान्यात कामाला लागला. दादा म्हणाले, "दुसरा भेटंपर्यंत तू चल." दादा म्हणजे माझे वडील, उत्तमराव. गाडी तेच चालवायचे. गाडीवर पोरगी तिकिटं फाडते याचं गावाला आठवडाभर नवल वाटलं. मग कोणी माझ्याकडं बघेना. थंडीत माणसाला बसायला जागा आणि बंद होणारी खिडकी मिळाली की तिकीट कोण फाडतंय याच्याशी काही घेणं नसतं.

गाडी दोघांची होती. दादांची आणि शेषरावकाकांची. आम्ही बौद्धवाड्यातले, काका वरच्या आळीतले, शेतीवाले. दोघं शाळेत एका वर्गात होते आणि शाळा सुटल्यावर जालन्यात एकाच ट्रकवर होते. दादा स्टेअरिंगवर, काका क्लीनर. गावात तेव्हा या दोघांच्या एका ताटात जेवण्यावर बरंच बोललं गेलं होतं म्हणे. दोघांनी ऐकून घेतलं आणि जेवत राहिले. पुढं दोघांनी मिळून ही जुनी गाडी घेतली. तिच्या कपाळावर कोणाचं नाव घालायचं यावर त्यांचं एकमत झालं नाही, म्हणून कपाळ कोरंच राहिलं.

पहाटे गाडी चालू करणं म्हणजे सोहळा होता. आई चुलीवरचं कढत पाणी बादलीत द्यायची, ते रेडिएटरमध्ये ओतायचं. इंजिन खोकायचं, थांबायचं, पुन्हा खोकायचं. मग शेकोटीभोवतीची माणसं हात चोळत उठायची आणि मागून धक्का द्यायची. दुधाचे कॅन, मेथीच्या पेंढ्यांची गाठोडी, दवाखान्याला निघालेल्या म्हाताऱ्या, कॉलेजची पोरं. काचा आतून घामेजायच्या. घोंगड्यांना धुराचा वास यायचा. कोणीतरी कोवळ्या हरभऱ्याची डहाळी आणलेली असायची, ती हातोहात मागं जायची आणि गाडीभर हिरवा, आंबट वास पसरायचा. आजही बाजारात ओला हरभरा दिसला की मला मेथी, डिझेल आणि ओली घोंगडी असा सगळा वास एकदम येतो. एकटा हरभरा मला कधी लाभत नाही.

काका पुढं बसायचे, दादांच्या शेजारी, इंजिनच्या झाकणावर घोंगडी टाकून. ती गाडीतली सगळ्यात उबदार जागा. आणि ते बोलायचे. टेंभुर्णी सुटल्यापासून जालन्यात मस्तगडला गाडी लागेपर्यंत त्यांचं तोंड बंद व्हायचं नाही. "आली रे आसारामाची मोसंबी. औंदा लय लगडली. मोसंबी सरली की वळण हे, डाव्या अंगानं. हां, बराबर. आता ही बैलगाडी कोन्हाची म्हनावी? उजवीकडून चालली, जाऊ दे बिचाऱ्याला." माणसं हसायची. "शेषरावाचा रेडिओ लागला," म्हणायची. मी मागच्या बाजूला, दाराशी. इंजिनच्या आवाजात मला निम्मं ऐकू यायचं, निम्मं नाही. मला वाटायचं, एखाद्याला बोलायची सवय असते, तशी ती.

त्या वर्षी पौषात धुकं फार पडलं. आमच्याकडं त्याला धुई म्हणतात. तुरीचा फुलोरा गळाला, लोक हळहळले. सकाळी उन्हं वर येईस्तोवर हाताच्या अंतरावरचं झाड ओळखू यायचं नाही. आमची गाडी मात्र एक दिवस चुकली नाही. जालन्याच्या बाजारात, दवाखान्यात, कॉलेजात वेळेवर पोचवणारी ती एकच पहाटगाडी होती, आणि दादांचा हात कसा बसलाय याचं सगळ्यांना कौतुक होतं. मलाही होतं. धुक्यातून गाडी न अडखळता वळणं घ्यायची तेव्हा मी दाराला टेकून अभिमानानं उभी असायचे. हे आठवलं की आता अंगावर काटा येतो.

मग काकांचा घसा बसला.

आधी खरखर होती. आईनं आल्याचा काढा दिला. एका सकाळी ते गाडीवर आले ते गळ्याला मफलर गुंडाळून, आणि तोंडातून नुसती हवा निघत होती. आई म्हणाली, "भावजी, आज घरी ऱ्हावा की." काकांनी मान हलवली आणि नेहमीच्या जागी जाऊन बसले. दादांनी स्टेअरिंगवर हात ठेवले. त्यांनी काकांकडं तोंड केलं, काही पुटपुटले. काकांनी त्यांच्या मांडीवर हात ठेवला. गाडी निघाली.

त्या दिवशी गाडीत शांतता होती. रेडिओ बंद, माणसं घोंगड्यांत डुलक्या घेत होती. पुढच्या बाकावर कौसाबाई बसायची. भाजी विकणारी, माझ्या आईच्या वयाची, वर्षानुवर्षांची आमची प्रवासी. तिला तिकीट द्यायला मी पुढं गेले आणि तिथंच दांडीला धरून उभी राहिले. काकांचा हात अजून दादांच्या मांडीवर होता. तो हलत होता. एकदा दाबायचा, थांबायचा. मग बोटांनी डावीकडं ढकलल्यासारखं करायचा, आणि गाडी डावीकडं वळायची. मला वाटलं, आजारी माणूस मित्राच्या मांडीवर हात ठेवून बसलाय. मला ते बघून बरंसुद्धा वाटलं.

समोर पांढऱ्या धुक्यात काहीतरी काळं उभं राहिलं. कापसाची बैलगाडी होती. चाक निखळलं होतं, गाडी रस्त्यात तिरपी बसली होती. बैल सोडून बाजूला बांधलेले. एक माणूस खाली वाकून चाकाशी झटत होता आणि एक बाई आमच्याकडं हात हलवत येत होती. काकांनी दादांची मांडी गच्च आवळली. दादा म्हणाले, "काय हे? शेषराव, काय हे?" काकांनी तोंड उघडलं. हवा आली, शब्द आला नाही.

"दादा, ब्रेक मारा," मी ओरडले, "समोर मानसं हेत."

दादांनी सगळा जोर लावून ब्रेक मारला. गाडी घसरली, मागचे पुढच्यांवर आले, दुधाचे कॅन एकमेकांवर आदळले. गाडी थांबली तेव्हा ती बाई आमच्या काचेला चिकटून उभी होती. तिचे दोन्ही तळहात काचेवर होते. तिच्या श्वासाची वाफ काचेवर उमटत होती. दादांच्या तोंडापासून ती दोन हातांवर असेल. आणि दादा तिच्याकडं न बघता, दुसऱ्याच कोपऱ्याकडं मान करून मला विचारत होते, "कुठं हेत?"

ते दोन शब्द मी आजवर कितीदा ऐकले असतील. झोपेत, वर्गात शिकवताना, भाकरी थापताना. कुठं हेत.

मी म्हटलं, "दादा, ती तुमच्यासमोर उभी हे."

दादांनी मान हळूहळू फिरवली. आता ते बरोबर तिच्याकडं तोंड करून होते, आणि तरी त्यांचे डोळे तिच्यावर थांबले नाहीत. तिच्यातून आरपार गेले. मला एकदम सगळं दिसायला लागलं. घरी ते तांब्या घेण्याआधी हात आधी जमिनीवर फिरवायचे. पेपर माझ्याकडून वाचून घ्यायचे, म्हणायचे, तुझा आवाज चांगला हे. चार माणसांत कोणी नमस्कार केला तर आवाज येईपर्यंत हात जोडायचे नाहीत. एकेक गोष्ट सरळ होती, आणि सगळ्या मिळून काय होत्या ते मला तिथं, त्या काचेसमोर कळलं. मी हात लांब करून चावी फिरवली आणि काढून घेतली.

"दादा, तुम्हाला दिसत न्हाई."

"धुई हे," दादा म्हणाले. "धुईत कोन्हालाच दिसत न्हाई."

"मला दिसलं. काकाला दिसलं."

काका खाली मान घालून बसले होते. गाडीत कोणी आरडाओरडा करील, शिव्या देईल, उतरून जाईल, असं मला वाटलं. मी त्याचीच वाट बघत होते. तेव्हा कौसाबाई शांतपणे म्हणाली, "अगं पोरी, आम्हाला म्हाईत हे की."

मला आधी समजलंच नाही. "काय म्हाईत हे?"

"उत्तमरावाला कमी दिसतं म्हून. मोतीबिंदू हे. दोन सालं झाले. म्हून तर मी पुढं बसते. शेषरावाचं ध्यान चुकलं तर मी सांगते."

मी मागं वळून बघितलं. काही जण माझ्यासारखेच हबकून बघत होते. पण काही जण बघत नव्हते. खिडकीबाहेर, आपल्या पायांकडं, कॅनच्या झाकणाकडं. एक कॉलेजचा पोरगा उठून उतरला आणि धुक्यात चालायला लागला. त्याच्या मागं त्याचा मित्र. बाकीचे बसून राहिले. एक दूधवाला म्हणाला, "ताई, चावी द्या. दूध फाटंल."

माझा संताप झाला होता, पण संतापाच्या खाली दुसरंच काही होतं. त्या गाडीत लेकरं होती. एक बाळंतीण होती, मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं बाळ घेऊन. या माणसांनी दोन वर्षं रोज पहाटे जाणूनबुजून एका न दिसणाऱ्या माणसाच्या हातात जीव दिला होता, आणि वर हसत हरभरा खाल्ला होता. आणि तो माणूस माझा बाप होता. कोणाला जास्त घाबरावं तेच मला कळेना.

"कामून सांगितलं न्हाई?" मी काकांना विचारलं.

काकांनी गळ्यावर हात ठेवून जोर लावला. कुजबुजल्यासारखा आवाज आला. "त्याचा भाऊ. आपरेशन केलं अन् डोळा गेल्ता. हा भेतो. मी म्हनलं, मी बोलतो, तू चालव. दोघं मिळून एक डायवर."

"अन् आज? आज तुमचा आवाज न्हाई. तरी आले?"

काकांनी मान हलवली.

दादा स्टेअरिंग धरून तसेच बसले होते. मग बारीक आवाजात म्हणाले, "सुजाता, ती बाई... लागलं का तिला?"

"न्हाई."

"बिलकुल न्हाई?"

"न्हाई दादा."

"तिला आत घे. थंडी हे लय."

तिला आम्ही आत घेतलं. ती पार गारठली होती. कौसाबाईनं तिच्या अंगावर आपली चादर टाकली. ती सारखी म्हणत होती, "मी हात केल्ता. मी हात केल्ता, डायवरनं पाह्यलं माझ्याकडं." कोणी तिला काही सांगितलं नाही. ऊन वर आल्यावर, ट्रॅक्टर चालवणारा एक शेतकरी प्रवाशांत होता, त्यानं स्टेअरिंग घेतलं आणि गाडी पायी चालल्यासारखी जालन्यात आणली. दादा माझ्या शेजारी, मागच्या बाकावर. वाटेत ते मला एकदाच म्हणाले, "आता दिसतं मला. उन्हात दिसतं." मी चावी काढलेला हात मुठीत धरून बसले होते.

त्याच दिवशी दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होते. उजेड टाकून बघितलं, उजवा डोळा, मग डावा. म्हणाले, "उजव्यात नुसता उजेड कळत असेल. डाव्यात थोडं आहे, तेही धूसर." मग कागदावर लिहिताना सहज विचारलं, "काम काय करता?" काका, दादा, मी, तिघंही उभे होतो. डॉक्टरांनी मान वर करून पुन्हा विचारलं. शेवटी दादाच म्हणाले, "घरीच असतो."

ऑपरेशनला ते तयार झाले ते कोणाच्या समजावण्यानं नाही. काचेला चिकटलेल्या त्या बाईनं त्यांना तयार केलं. रात्री जेवताना मधेच हात थांबवून विचारायचे, "केवढी व्हती ती?" आई म्हणायची, "कोन?" ते म्हणायचे, "वयानं केवढी व्हती?" मी सांगितलं, माझ्याएवढी असेल. त्यानंतर त्यांनी विचारलं नाही.

गाडीवर आम्ही जालन्याचे जब्बारभाई ठेवले. सावकाश चालवणारे, कमी बोलणारे. मी तिकिटं फाडत राहिले. काकांचा आवाज परत आला, पण ते आता मागं बसत आणि कोणी "रेडिओ लावा" म्हटलं तर हसून मान हलवत. पौष सरला, माघ आला. दादांच्या एका डोळ्याची पट्टी निघाली, जाड काचांचा चष्मा आला. घरात ते वस्तू हातात घेऊन बघत बसायचे. माझ्या आईकडं बराच वेळ बघून म्हणाले, "केस पिकले की तुझे." आई म्हणाली, "तुमचे काय काळे ऱ्हायले काय?" त्या दिवशी आमच्या घरात फार दिवसांनी हसू आलं.

आणि मग एका सकाळी ते म्हणाले, "आज मी बी येतो. बसून येतो."

थोडं धुकं होतं, पण विरळ. रस्ता दिसत होता. दादा पुढं, इंजिनच्या झाकणावर बसले. लहान मुलासारखे बघत होते. "ही शाळा रंगवली व्हय? हा लिंब तोडला कधी? आसारामानं बोर घेतलं वाटतं." जब्बारभाई मान हलवत होते. गाडीतली माणसं खूश होती. कौसाबाई म्हणाली, "आता बघा पोटभर."

एका वळणाशी ते बोलता बोलता थांबले. डावीकडं, रस्त्याला लागून एक विहीर होती. नवी, रुंद, कठडा नसलेली. तिच्या तोंडाजवळची माती ढासळून रस्त्याची कड आत गेली होती. वाळलेलं गवत वाऱ्यावर हलत होतं आणि त्याच्या पलीकडं एकदम काही नव्हतं.

"थांबव," दादा म्हणाले.

जब्बारभाईंनी गाडी थांबवली. दादा उतरले, विहिरीच्या काठाशी गेले. मी मागोमाग. काकाही उतरले. दादांनी आत वाकून बघितलं. खोल, अंधारं पाणी. मग त्यांनी मागं वळून डांबराकडं बघितलं. आमच्याच गाडीच्या चाकांच्या जुन्या खुणा कडेच्या मातीत वाळून घट्ट झाल्या होत्या. त्या विहिरीच्या काठापासून जेमतेम वीतभर अंतरावर होत्या. काही ठिकाणी तेवढ्याही नाही.

"ही कधी खांदली?" त्यांनी विचारलं.

काका म्हणाले, "दोन सालं झाले असतील."

"तू मला इथं म्हनायचा, रस्ता खराब हे, उजवीकडं घे."

"हां."

"विहीर म्हनला न्हाई कधी."

काका रस्त्याकडं बघत होते. "म्हनलो असतो तर तू गाडी घातली असती का?"

दादा तिथंच खाली बसले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. नव्या चष्म्यातून डोळे मोठे दिसत होते आणि ते त्या चाकांच्या खुणांवरून हलत नव्हते. गाडीतून कौसाबाईनं हाक मारली, "चला ना, बाजार निघून जाईल." कोणाचंतरी लेकरू खिडकीतून डोकं काढून बघत होतं. दादांनी त्या लेकराकडं बघितलं, आणि मग एकेका खिडकीकडं, एकेका तोंडाकडं. दोन वर्षं ज्यांना ते आवाजावरून ओळखत होते, ती माणसं त्यांना पहिल्यांदा दिसत होती. त्यांना हुंदका आवरेना. मी माझ्या बापाला रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं. मला जवळ जाववेना, आणि दूर उभंही राहवेना.

"तुम्ही व्हा पुढं," ते शेवटी म्हणाले. "मी येतो चालत."

चष्मा मिळाल्यावर ते पुन्हा गाडी चालवतील, असं गावानं गृहीत धरलं होतं. त्यांनी स्टेअरिंगला पुन्हा हात लावला नाही. "दिसत नव्हतं तेव्हा चालवायचा, दिसायला लागलं तर भ्याला," असं लोक हसून म्हणत. अजून म्हणतात. लग्नाकार्यात भेटले की कोणीतरी ही गोष्ट काढतो, दोघांनी मिळून गाडी कशी चालवली, एकाचे हात, एकाचे डोळे, आणि मांडवात हशा पिकतो. मी उठून पाणी प्यायला जाते.

त्या सकाळनंतर दादा आणि काका, विहिरीच्या मालकाला विचारून, तिथं कठडा बांधायला लागले. गाडगं भरून चुना, नाल्यातले दगड, गवंड्याची जुनी थापी. माघाची थंडी अजून गेली नव्हती. आम्ही पहाटे तिथून जायचो तेव्हा ते आधीच येऊन लागलेले असायचे. काका वाकून मसाला कालवत असायचे. आणि दादा, धुक्यातून आमचे दिवे दिसले की, हातातला दगड तसाच छातीशी धरून, रस्ता आणि विहीर यांच्या मधे येऊन उभे राहायचे. गाडी पूर्ण पुढं निघून जाईपर्यंत ते तिथून हलत नसत.